एकदा करून घेतलेला पाठ

बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकटी बसले आहे. बाकीचे डबे आटपून बाहेर उन्हात शेंगा सोलत बसलेत. माझ्यासमोर एक कोरा अर्ज आहे आणि तो आज ऑफिस बंद व्हायच्या आत विभागप्रमुखांकडे द्यायचा आहे. माझी एक विद्यार्थिनी बी.एड.च्या अंतिम पाठात नापास झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुण दिले आणि त्यांच्या सहीखाली अंतर्गत परीक्षक म्हणून मी सही केली. उद्या गुण विद्यापीठाकडे जातील. त्याआधी अंतर्गत परीक्षकाने लेखी कारण दिलं तर पाठ पुन्हा घेता येतो, असा नियम आहे. म्हणजे एक कारण लिहायचं, एवढंच काम. तासभर झाला, पेन उघडं आहे आणि अर्ज कोरा आहे. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहून बघावं. दिवसभर हिंदीतच बोलणं चालतं, पण तुमची आठवण काढली की मराठी शब्द आपोआप येतात.

मी तुमचंच काम करते, बाई. तुमच्या कॉलेजात नाही, दिल्लीतच द्वारकेच्या पलीकडे एका खाजगी कॉलेजात, पण काम तेच, माध्यमिक शाळेसाठी शिक्षक तयार करायचे. दरवर्षी पहिल्या सत्रात मी 'प्रभावी शिक्षकाचे गुण' हा घटक घेते. त्याच्या बारा स्लाइड आहेत. विषयावर प्रभुत्व, संयम, निःपक्षपातीपणा, आवाजातला चढउतार, असा एकेका स्लाइडवर एकेक गुण. अकरा वर्षं त्याच स्लाइड दाखवते आहे, मधे एकदा फक्त मागचा रंग बदलला. मुलं आता लिहून घेत नाहीत, फोन वर धरून फोटो काढतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मॅम, हे बाराच्या बारा तुमच्यात आहेत का. वर्ग हसला, मीही हसले आणि म्हटलं, परीक्षेत सहा लिहिले तरी चालतील. त्या दिवशी घरी जाताना मेट्रोत मी खरोखर मोजायला बसले. चौथ्यापाशी माझं स्टेशन आलं आणि पुढचं मोजायचं राहून गेलं. वाईट वाटलं असं नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही. मुलीने काळजीने माझी थायरॉइडची तपासणी करून घेतली, तीही नॉर्मल आली.

तुम्ही गुणांची यादी कधी दिली नाहीत. तुम्ही पोळ्या करत होतात. रविवारी सकाळी तुमच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी-पाचजणी ओट्याला टेकून उभ्या असायचो. ज्या धड्याचा पाठ घ्यायचा तो आधी तुम्हाला शिकवायचा, तुम्ही पोळ्या लाटत असताना. कळेनासं झालं की तुम्ही लाटणं थांबवून बोलणारीच्या तोंडाकडे बघत राहायचात, आणि तव्यावरची पोळी तशीच तव्यावर. तुम्ही गणितात एम.एससी., तुम्हाला न कळण्यासारखं त्यात काय होतं? पण तेवढा वेळ तुम्ही खरोखरच नववीतली मुलगी व्हायचात. करपल्याचा वास आला की समजायचं, आपण पोरांना वाटेत कुठेतरी सोडून पुढे आलो, आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. तुमचे यजमान बाहेर पेपर वाचत बसलेले असत. ताटात काळी पोळी आली की तिथूनच विचारत, आज वर्गमूळ कोणाकडे होतं? मी एकदा अवयव पाडायला शिकवताना ओळीने तीन पोळ्या घालवल्या. चौथीला तुम्ही गॅस बंद केलात आणि म्हणालात, तुला येतं ना, म्हणूनच तुला सांगता येत नाहीये. मला तेव्हा राग आला होता. आता ते वाक्य मी कार्यशाळांतून सांगते, आणि माझंच असल्यासारखं सांगते.

मी छावणीत वाढलेली. वडील सैन्यात हवालदार, साताऱ्याकडचे. घरात मराठी आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, ही सवय लहानपणापासूनची. कॉलेजात सगळ्या तुम्हाला मॅम म्हणायच्या, मीही म्हणायची, आणि तुमच्या दारात चप्पल काढली की बाई म्हणायची. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत, पण माझ्या पुढ्यात लोणचं जरा जास्त वाढायचात. मला त्याचं फार अप्रूप होतं.

आमचे सराव पाठ बघायला तुम्ही शाळेत यायचात तेव्हा मागे बसायचा नाहीत. स्टूल ओढून खिडकीच्या भिंतीला, वर्गाच्या बाजूला बसायचात. मागून मास्तर दिसतो, बाजूने पोरी दिसतात, एवढंच कारण तुम्ही दिलं होतंत. तुमच्या निरीक्षणाच्या वहीत आमच्याबद्दल फार थोडं असायचं. तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली दहा मिनिटं पेन्सिलीला टोक करत होती. दारापाशी बसलेल्या दोघींनी शंका एकमेकींना विचारली, तुला विचारली नाही. असलं काहीतरी. आम्ही काय घातलं होतं, आवाज कसा होता, अक्षर कसं होतं, याबद्दल चकार शब्द नसायचा. मी मागे बसते, बाई. खुर्ची आधीपासून तिथेच मांडलेली असते, गुडघे दुखतात, आणि छापील फॉर्मवर खुणाच करायच्या असतात.

आता अंतिम पाठाबद्दल. परका परीक्षक, शाळेतला एक वर्ग, पस्तीस मिनिटं, आणि त्यावर सगळ्या अभ्यासक्रमाचं भवितव्य. त्याची एक रीत आहे, ती तेव्हाही होती आणि आजही आहे. आदल्या दिवशी त्याच वर्गाला तोच पाठ शिकवून ठेवायचा. कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा, फळ्याशी कोण येणार, चूक उत्तर कोण देणार आणि ती चूक कोण सुधारणार, सगळं ठरवायचं. दुसऱ्या दिवशी तो वर्ग परीक्षकांपुढे घड्याळासारखा चालतो. मीही माझ्या वेळेला हेच केलं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज होती. घाबरून मी तिसरा प्रश्न विसरले आणि एकदम चौथा विचारला. सगळ्या वर्गाने एका सुरात तिसऱ्याचं उत्तर दिलं. मी ते ऐकून 'शाब्बास' म्हटलं आणि पुढे गेले. परीक्षक चहात बिस्किट बुडवत होते, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. तुम्ही बाजूला स्टुलावर होतात.

त्या दिवशी मला उत्तम गुण पडले. बाहेर बसस्टॉपवर तुम्ही पर्स मांडीवर घेऊन बसला होतात. मला वाटलं, अभिनंदन कराल. तुम्ही माझ्याकडे न बघताच बोललात.

"उद्या सकाळी परत जा आणि त्या मुलींना हे शिकव. तुझी परीक्षा झाली, त्यांची मार्चात आहे."

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मैत्रिणी पाठ संपल्याच्या आनंदात सिनेमाला गेलो. आठवड्याने तुम्ही विचारलंत, गेली होतीस का, आणि मी हो म्हटलं. सगळ्यांना आलं का, असं विचारलंत, तेव्हाही हो म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. निकालाच्या दिवशी तुम्ही मला एका पिशवीत तीन डस्टर दिलेत, जुन्या टॉवेलचे थर एकावर एक घालून हाताने शिवलेले, कारण शाळेतल्या डस्टरने धूळ नुसती इकडची तिकडे होते. बाकी कोणाला दिले नव्हतेत. मी ते घेतले आणि वाकून नमस्कार केला. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या शाळेच्या गणिताच्या शिक्षिका तुमच्याच बसने जायच्या, एवढं मात्र ठाऊक आहे.

तुम्ही शेवटी पुण्याला मुलाकडे होतात. गेल्याची बातमी मला जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर कळली. तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली फोन धरून जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि मान वर करून पुढच्या मुद्द्याकडे वळले. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. नंतर येईल म्हणून काही दिवस वाट पाहिली होती.

आता मी स्वतः काय करते ते सांगते. अंतिम पाठांचं वेळापत्रक लागलं की मी सगळ्यांना बोलावते, पाठाची टाचणं तपासते आणि मुलं उठून जाताना दारापाशी सांगते, "एक बार करा लेना." एवढंच. कोणी जास्त विचारत नाही, मी जास्त सांगत नाही. सगळ्यांना कळतं, आणि दरवर्षी आमच्या कॉलेजचा निकाल चांगला लागतो. यंदाही सांगितलं. एकटी मागे थांबली. तिचीच ही गोष्ट. नवरा सैन्यात जवान आहे, छावणीच्या क्वार्टरमध्ये राहतात, माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचं. मुलाला शेजारणीकडे सोडून दोन बस बदलून यायची, तरी तास चुकला नाही. ऑफिसातले लोक तिला 'फौजी की मॅडम' म्हणतात. माझ्याशी ती मराठीत बोलते.

"मॅडम, आदल्या दिवशीच शिकवलं तर मग परीक्षेच्या दिवशी त्यांना काय शिकवू? बिल्कुल तेच परत?"

मी म्हटलं, सगळे करतात. ती बरं म्हणाली. मला वाटलं, करील.

तिने केलं नाही. नववीचा वर्ग, दोन चलांतली समीकरणं. सुरुवातीला तिने सहज विचारलं, उणे तीनमधून पाच गेले तर किती. पाच-सहा हात वर आले. दोन, आठ, उणे दोन, अशी उत्तरं आली. एकही बरोबर नाही. ती क्षणभर टाचणाकडे बघत राहिली आणि मग तिने ते टेबलावर पालथं घातलं. बाक सरकवायला लावले, खडूने जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ मारली, मधोमध शून्य काढलं, आणि पोरींना एकेक करून त्या रेघेवर चालायला लावलं. वर्गात गोंगाट झाला. कोणी उलटी चालायला लागली, कोणी पडली, बाकीच्या ओरडून आकडे सांगत होत्या. परीक्षकांनी माझ्याकडे बघून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. समीकरणाचं नावही अजून निघालं नव्हतं. शेवटी एक बारकीशी मुलगी उणे बाजूला मागे मागे जात भिंतीला पाठ लागेपर्यंत गेली आणि म्हणाली, "मैम, दीवार आ गई. दीवार के उस तरफ़ भी माइनस है?"

सगळ्या पोरी माझ्या विद्यार्थिनीकडे वळल्या. ती म्हणाली, "सोचो." आणि तास संपल्याची घंटा झाली.

मी ते ऐकलं, बाई. इतकी वर्षं मागच्या खुर्चीवर बसून मी हजारो बरोबर उत्तरं ऐकली, असा प्रश्न क्वचितच ऐकला. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. पाठाचा उद्देश साध्य झाला का, याच्यापुढे परीक्षकांनी 'नाही' लिहिलं. वर्गनियंत्रण, नाही. टाचणानुसार अध्यापन, नाही. गृहस्थ तसे चांगले आहेत, मुद्दाम कोणाचं वाईट करणारे नव्हेत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाले, बाकी सगळ्यांचे वर्ग किती तयार होते, हिची काही तयारीच नव्हती. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. ते वर्ग तयार का होते ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. त्यांनी कागद पुढे केला आणि मी सही केली.  

एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याची बदली आहे, आसामकडे. यंदा पाठ सुटला तर पुढच्या वर्षी ती इथे येऊ शकत नाही, म्हणजे तिचं बी.एड. इथेच संपलं. ती आज दुपारी लायब्ररीची पुस्तकं परत करायला आली आणि माझ्या टेबलापाशी थांबली. ओढणीला खडू लागलेला होता. कुठून आलीस विचारलं, तर म्हणाली शाळेतून. पाठ अर्धा राहिला होता, पोरी फाटकापाशी विचारत होत्या की समीकरण कधी घेणार, म्हणून चार दिवस रोज एक तास मागून घेते आहे. मी विचारलं, तुला जायला कोणी सांगितलं?

"कोणी कशाला सांगायला पाहिजे, मॅडम?" ती म्हणाली. तिला प्रश्न कळलाच नव्हता.

मग मी त्या भिंतीचं विचारलं. ती हसली. पोरींनी रेघ भिंतीच्या पलीकडे व्हरांड्यात चालू ठेवली, पायऱ्या उतरून पार पाण्याच्या टाकीपर्यंत नेली, तेव्हा मुख्याध्यापिका बाहेर येऊन ओरडल्या. टाकीशी उणे सत्तेचाळीस आलं म्हणे. मला हसू आलं, आणि हसताना छातीत कुठेतरी दुखलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. मग ती जरा घुटमळली.

"ऑफिसात म्हणत होते, पाठ परत घेता येतो. तुम्ही लिहिलं तर."

मी म्हटलं, बघते.

तर कारण. खरं कारण एकच आहे आणि ते एका वाक्याचं आहे. या मुलीचा पाठ इतरांच्या मानाने अपुरा वाटला, कारण इतर सर्वांनी तो वर्गाकडून आदल्या दिवशी करून घेतला होता, आणि तसं करायला मी सांगितलं होतं. यात दुसरं काही घालावं लागत नाही. हे लिहिलं तर पाठ पुन्हा घ्यावाच लागेल, कोणाला नाही म्हणता येणार नाही. आणि हे लिहिलं तर बाकीच्यांच्या गुणांवरही बोट उठेल, मग या वर्षीच का, मागच्या वर्षीचं काय, असं विचारतील, आणि निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली असताना मी त्या दारापाशी काय बोलते ते सगळ्या कॉलेजला कळेल. ती पोरं बिचारी माझ्या सांगण्यावरून वागली. ती शिकवतीलही बरी, मी शिकवतेच आहे की इतकी वर्षं. असं मी तासभर स्वतःला सांगते आहे. खरं म्हणजे मला त्या पोरांची काळजी नाही, माझी आहे.

इथवर लिहून मी उठले होते. अर्ज देऊन आत्ताच परत येऊन बसले आहे. चार ओळी लिहिल्या. विद्यार्थिनी मेहनती व प्रामाणिक आहे, हजेरी उत्तम आहे, पतीच्या बदलीमुळे पुढील वर्षी अडचण आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. विभागप्रमुखांनी उभ्याउभ्याच वाचला आणि विचारलं, "इसमें कारण कहाँ है?" मी म्हटलं, जेवढं आहे तेवढं लिहिलंय. मी अजून काही म्हणेन म्हणून त्या थांबल्या, आणि मग अर्ज ट्रेमध्ये बाकीच्या अर्जांवर ठेवला. त्या ट्रेमधल्या अर्जांचं काय होतं ते आम्हा दोघींना माहीत आहे.

कारण मी लिहिलं आहे, बाई. वर, याच पत्रात, संपूर्ण वाक्य आहे. तुम्हाला लिहिताना मला भीती वाटली नाही, कारण तुम्ही ते कोणाला दाखवू शकत नाही.